पायरीवरची विद्या

आपल्या घराण्यांच्या सनदा, वतनाचे कागद, जमाखर्चाची बाडे यांविषयी या पत्रिकेत आजवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही होईल. ते योग्यच आहे. बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या टापूत पिढ्यान् पिढ्या नांदलेली आपली मराठी घराणी मूळची कागदाची माणसे. मोडी दप्तर सांभाळले म्हणून आपण टिकलो. परंतु ज्या विद्येला कागदच नव्हता, तिचा इतिहास कोणी लिहावयाचा, हा प्रश्न सेवानिवृत्तीनंतर मला वारंवार पडू लागला. त्याला कारण माझ्याच हातून लिहिला गेलेला एक कागद आहे. त्याची हकीकत ओघाने येईल. विषय आहे तो बुलडोझर, स्क्रेपर, पोकलेन अशी अवजड यंत्रे चालविणारी माणसे ती विद्या कोठे आणि कशी शिकली याचा.

माती हलविण्याचे शास्त्र या मुलखाला नवीन नाही. बिदरच्या किल्ल्याला दक्षिण अंगाने जो तिहेरी खंदक आहे तो जांभ्या खडकातून खोदून काढलेला आहे. शहराजवळच्या नौबाद येथील करेझ, म्हणजे भूमिगत पाण्याचा बोगदा आणि त्यावर ठराविक अंतरावर उतरणाऱ्या उभ्या विहिरी, हे बहामनी काळातील काम आजही पाहता येते. इराणातून आलेल्या जाणकारांनी ते आखले असे इतिहासकार सांगतात. प्रत्यक्ष कुदळ चालविणाऱ्यांविषयी ते काही सांगत नाहीत. पुढच्या काळात तलाव, बांध, रस्ते, रेल्वेचे भराव यांवर आपल्याकडे जे हात राबले ते प्रामुख्याने वडार समाजाचे. माती वडार, गाडी वडार, पाथरवट असे त्यांचे कामावरून पडलेले भेद वाचकांस परिचित आहेत.

मातीकामाची मजुरी ब्रासवर ठरे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. खड्डा खणताना मध्ये मध्ये मूळ जमिनीचे लहान खांब तसेच उभे ठेवीत. काम संपल्यावर मोजणीदार त्या खांबांची उंची मोजून खोली ठरवी. खांबाच्या माथ्यावर रात्री चार बोटे माती थापून त्यावर गवताचा तुकडा बसवायचा आणि खोली वाढवून घ्यायची, ही चलाखी आणि ती ओळखण्याची मोजणीदाराची युक्ती, दोन्ही आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात सांगितल्या जात. मात्र कोणती माती किती उतारावर उभी राहील, कोणता मुरूम पाण्याने फुटेल, हे वडाराला जेवढे कळे तेवढे त्या मोजणीदाराला कळत नसे. हे शिक्षण सात-आठ वर्षांच्या वयात गाढवामागून चालतानाच सुरू होई.

यंत्रे आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन सैन्याने मागे टाकलेले ट्रॅक्टर भारत सरकारने घेतले आणि मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेली जमीन नांगरून काढण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना कामाला लागली. जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला जी पहिली कर्जे दिली, त्यांतील एक कोटी डॉलरचे कर्ज याच शेतीयंत्रांसाठी होते. यंत्रे पैशाने आली. ती चालविणारी माणसे पैशाने येईनात. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले ते या अडचणीतून. तिकडे भाक्रा धरणावर हार्वे स्लोकम हा अमेरिकन बांधकामतज्ज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह भारतीय कामगारांना यंत्रावर बसवून काम शिकवीत होता. अशा तज्ज्ञांवर कायम विसंबून चालणार नाही हे दिल्लीला उमगले होते. बांधकामयंत्रांविषयी नेमलेल्या समितीच्या शिफारशींनंतर चंबळ प्रकल्पावर कोटा येथे आणि दक्षिणेत नागार्जुनसागर येथे यंत्रचालक व यंत्रदुरुस्ती कारागीर यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्रे निघाली.

नागार्जुनसागरचे नाव आले की मला एक विसंगती हटकून आठवते. पंडित नेहरूंनी १० डिसेंबर १९५५ रोजी त्या धरणाची कोनशिला बसविली. जगातील मोठ्या दगडी धरणांत त्याची गणना होते, आणि ते उभे राहिले मुख्यतः माणसांच्या डोक्यावरून वाहिलेल्या दगडांनी. देशात मजूर स्वस्त आणि परकीय चलन महाग, म्हणून तसे ठरले होते. म्हणजे एका बाजूला यंत्रचालकाची शाळा आणि तिच्यासमोर शिड्या-पायवाटांवरून पाटी घेऊन चढणाऱ्या हजारो स्त्रीपुरुषांची रांग. कोनशिलेच्या वेळी आपले बिदर आणि गुलबर्गा जिल्हे त्याच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर ते म्हैसूर राज्यात आले, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आणि नागार्जुनसागर आंध्र प्रदेशाचे झाले. ज्याला ती शाळा एरवी जवळची वाटली असती, त्या आपल्या भागातील तरुणाला ती परराज्यातील झाली.

मग येथे यंत्र शिकविले कोणी? १९६४ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मे महिन्यात बंगळूरला भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यातून जपानी कोमात्सु पद्धतीचे डोझर देशातच तयार होऊ लागले. त्याच महिन्यात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते आलमट्टीला अप्पर कृष्णा प्रकल्पाची पायाभरणी झाली. पुढच्या वर्षी शास्त्रीजींनीच पैठणला जायकवाडीचा पाया घातला. नारायणपूरचे धरण १९८२ मध्ये पुरे झाले. आपल्या भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजा नदीवर साडेसात टीएमसीहून थोडे अधिक पाणी साठविणारे धरण झाले. गुलबर्ग्याच्या बाजूला चंद्रमपळ्ळी, बेन्नेतोरा, लोअर मुल्लामारी ही कामे झाली. यांतील बहुतेक बांध मातीचे किंवा मोठ्या भागात मातीचे, आणि उंच मातीच्या बांधाला यंत्राशिवाय घट्टपणा येत नाही. यंत्रे आली; त्यांच्याबरोबर थोडे शिकलेले चालक आले, कोणी नागार्जुनसागरचे, कोणी सैन्याच्या इंजिनिअर दलातून निवृत्त झालेले. मी पाहिलेल्यांत एक पंजाबी होते, दोघे तेलुगू आणि एक केरळचे. यांनाच आमच्याकडे ‘उस्ताद’ म्हणत.

उस्तादाच्या हाताखाली एक हेल्पर असे. डोझरच्या बाजूला चढण्यासाठी जी लोखंडी पायरी असते, ती त्याची जागा. तेथे उभे राहणे धोक्याचे आणि नियमबाह्य होते, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही आपल्या भागातील एका संपूर्ण पिढीची शाळा त्या पायरीवरच भरली. पहाटे यंत्र सुरू होण्यापूर्वी ग्रीस भरणे, रेडिएटरचे पाणी आणि ऑइल पाहणे, डिझेल गाळून ओतणे, साखळीचा ताण बघणे, ही पहिली दोन वर्षे. पान्यांचे आकडे पाठ व्हायचे ते इंग्रजी अक्षर न ओळखताच. गंमत अशी की घरी मराठी, गावात कन्नड, कचेरीत कन्नड-इंग्रजी आणि यंत्रावर मात्र दख्खनी उर्दू अशी त्या मुलाची चार भाषांची दुनिया असे. ‘शागीर्द’, ‘हात साफ होणे’, ‘इंजिन दम खा रहा’ हे शब्द त्याच्या तोंडी बसत. यंत्राबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक खात्याच्या कपाटात कुलूपबंद राही, कारण हरवल्यास जबाबदारी कोणाची?

त्या पुस्तकात काय होते आणि पायरीवर काय शिकायला मिळे, याचे एक उदाहरण देतो. जुन्या साखळीच्या डोझरला चाक नसते, दोन्ही बाजूंचे दोन क्लच-दांडे असतात. सपाटीवर डावा दांडा ओढला की डावी साखळी सुटी होते, उजवी ढकलत राहते आणि यंत्र डावीकडे वळते. हे कोणालाही अर्ध्या तासात कळते. परंतु तीव्र उतारावरून यंत्र स्वतःच्या वजनाने खाली येत असताना इंजिन ते ढकलीत नसते, उलट अडवून धरीत असते. अशा वेळी डावा दांडा ओढला तर डावी साखळी मोकळी होऊन वेगाने घसरते आणि यंत्र उजवीकडे वळते! बांधाच्या कडेवर असे उलटे वळण म्हणजे चाळीस फूट खाली. पुस्तकात हे इंग्रजीत दोन ओळींत होते. उस्ताद ते शिकवी ते निराळ्या तऱ्हेने. आधी पसरट, धोका नसलेल्या उतारावर हेल्परला बसवी, काही सांगत नसे, आणि यंत्र उलटे वळल्यावर त्याचा चेहरा पाही. तो क्षण ज्याने अनुभवला तो जन्मात विसरत नसे.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. बाहेरून आलेल्या उस्तादांना ही माती नवीन होती, आणि येथे गुरु-शिष्याचे नाते फिरे. बिदरच्या पठारावरचा लाल मुरूम कसाही हाताळा, तो सोसतो. कारंजाच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि एका सरीने साबणासारखी होते. ओली माती साखळीच्या कड्यांत आणि रोलरांत शिरून बसते, रात्रीत वाळून दगड होते, आणि सकाळी यंत्र जागचे हलत नाही. म्हणून संध्याकाळी पहारीने साखळी कोरून काढायची, मग जेवायचे. हा नियम कोणा पुस्तकाने घालून दिला नाही. वडारांच्या पोरांनी तो उस्तादांना शिकविला. बांधाच्या गाभ्याला घातलेली माती दाबण्याजोगी ओली आहे किंवा नाही हे प्रयोगशाळेत प्रॉक्टरच्या चाचणीने ठरते, तिचा अहवाल दुसऱ्या दिवशी येई. ही मुले मुठीत गोळा वळून, तो छातीच्या उंचीवरून सोडून, कसा फुटतो ते पाहून सांगत. त्यांचे सांगणे आणि अहवाल यांत फारसे अंतर पडत नसे, असे आमचे एक कनिष्ठ अभियंता कबूल करीत. अर्थात लेखी नव्हे.

तिसरे वर्ष लागले की दुपारी उस्ताद जेवायला बसल्यावर शागिर्दाला तासभर यंत्र मिळे. आधी मुरूम नुसता पसरणे, मग चर पाडून त्या चरातूनच माती ढकलणे, म्हणजे ती पात्याच्या दोन्ही कडांनी सांडत नाही आणि एका फेरीत अधिक जाते. शेवटी ‘फिनिशिंग’, दोरीच्या पातळीला एक बोटाचाही फरक न ठेवता भराव सपाट करणे. ते जमले की उस्ताद म्हणे, हात बसला. एवढाच पदवीदान समारंभ.

येथे १९७२ च्या दुष्काळाचा उल्लेख केला पाहिजे, कारण यंत्राकडे पाहण्याची सरकारची दुहेरी नजर त्यातून दिसते. त्या वर्षी दोन्ही राज्यांत खडी फोडण्याची आणि मातीची कामे निघाली, ती हाताने करावयाची होती. माणसांना मजुरी पोहोचविणे हाच हेतू असल्याने यंत्र तेथे शत्रू. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत हे तत्त्व रुजले आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही यंत्र शक्यतो वापरू नये अशी अट आली. तत्त्व बरोबर होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र एकाच वडार कुटुंबात आई खडीच्या ढिगावर आणि मुलगा डोझरच्या पायरीवर, अशी दृश्ये मी स्वतः ऐकलेली आहेत. आईच्या हजेरीपटावर तिचे काम खरे लिहिलेले असे. मुलाच्या नव्हे.

आता त्या कागदाविषयी. मी एका पाटबंधारे विभागाच्या कचेरीत प्रथम दर्जा सहायक होतो. कचेरीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कर्नाटकातील रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना मान्य केली होती आणि १ जुलै १९८४ पूर्वी लागलेल्यांचा विचार व्हावयाचा होता. त्याप्रमाणे याद्या तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. नाव, लागल्याची तारीख, शिक्षण, कामाचे स्वरूप असे रकाने. यंत्रचालकाच्या जागेला प्रमाणपत्र लागे. ज्यांच्याकडे ते नसे त्यांना रोजंदारीच्या पटावर पहिल्या दिवसापासून ‘मजूर’ किंवा ‘हेल्पर’ म्हणून दाखविलेले असे. त्यांतील एक माती वडार गृहस्थ, वयाने माझ्याहून थोडे वडील, सुमारे बारा वर्षे डोझर चालवीत होते. विभागातील सर्वांत अवघड उताराचे काम त्यांनाच सांगत. हे मला ठाऊक होते, अभियंत्यांना ठाऊक होते, कंत्राटदारांनाही ठाऊक होते. पण पटावर मजूर, म्हणून मी यादीत मजूर लिहिले. वरिष्ठांना विचारले असता ‘पटाबाहेर जाऊ नका’ असे उत्तर आले. ते नियमाला धरून होते. मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

ते कचेरीत आले. उभ्या उभ्याच म्हणाले, “सायब, मजूर लिवलंत व्हय?”

मी म्हणालो, “अण्णा, पटावर तेच आहे. निदान नोकरी पक्की होईल.”

“व्हय,” म्हणाले, आणि गेले. नोकरी पक्की झाली. निवृत्त होईपर्यंत ते डोझर चालवीत राहिले, मजूर म्हणून, मजुराच्या वेतनावर. त्या यादीत असे किती होते हे मी मोजले नाही. २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने आलेल्या नेमणुका कायम करण्याला बंदी घातली, तेव्हा कचेरीत आम्ही त्या निकालावर तावातावाने चर्चा केली. पुढच्या दाराने आलेल्या खोट्या नोंदींविषयी कोणी बोलले नाही, मीही नाही.

याच्या उलट एक चित्र आपल्याच जिल्ह्यात होते. शहाबाद आणि वाडीच्या चुनखडीच्या खाणी खाण कायद्याखाली येत, आणि १९६६ च्या नियमांनुसार खाणीत माणसाला कामावर घेण्यापूर्वी व्यवसाय प्रशिक्षण देणे बंधनकारक होते. म्हणून सिमेंट कंपनीचा डंपरचालक प्रशिक्षित गणला जाई आणि तेथून पन्नास-साठ मैलांवर धरणाच्या कड्यावर तेच किंवा अधिक जोखमीचे काम करणारा मजूर गणला जाई. फरक कौशल्याचा नव्हता. एका ठिकाणी कायद्याने विचारले, दुसऱ्या ठिकाणी विचारले नाही.

पुढे काळ बदलला तो झपाट्याने. फ्रान्समधील पोकलेन कंपनीच्या परवान्याने लार्सन अँड टुब्रोने देशात उत्खनन यंत्रे काढली आणि तिचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. खुद्द त्या कंपनीने उत्खनन यंत्रांचा धंदा केव्हाच सोडला, पण आपल्या शिवारात अजून ‘पोकलेन लावले’ असेच म्हणतात. १९७९ मध्ये दिल्लीजवळ बल्लभगडला जेसीबीचे उत्पादन सुरू झाले आणि जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज गृहस्थाची आद्याक्षरे खेड्यातल्या लग्नपत्रिकेवरील ‘जेसीबी मालक’ या बिरुदापर्यंत पोहोचली. यंत्र सरकारी आवारातून बाहेर पडून कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात आले. सोलापूर-हैदराबाद महामार्गाचे चौपदरीकरण झाले, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ११० किलोमीटरच्या बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्गाचे भराव व मरगुत्तीजवळचा बोगदा झाला. आखातात गेलेली मुले लोडरला ‘शेवल’ म्हणत परतली. हायड्रॉलिक यंत्राचे दांडे हलके. पायरीवरची तीन वर्षे तीन महिन्यांवर आली. उलट्या वळणाची भीतीही गेली, हे चांगलेच झाले. मातीचा गोळा वळून पाहणारेही गेले.

अलीकडे सरकारने या विद्येची दखल घेतली आहे. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल या नावाची परिषद यंत्रचालकांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरविते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत तर पूर्वी मिळविलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची सोय झाली. ज्याने शाळेबाहेर हात बसविला आहे त्याला थोडे मार्गदर्शन करावयाचे, परीक्षा घ्यावयाची आणि प्रमाणपत्र द्यावयाचे. नियम वाचताना मला त्या यादीतला रकाना आठवला. असा नियम १९९० मध्ये असता तर, हा विचार सेवेत असताना मी टाळला असता. आता टाळण्याचे कारण उरले नाही.

या लेखाच्या निमित्ताने मी त्या गृहस्थांना शोधत गेलो. भालकीपासून फार दूर नव्हते ते. एका जुन्या तलावाचा गाळ काढण्याचे काम चालू होते, नातू पोकलेनवर होता आणि ते बांधावर बाभळीखाली बसले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. यादीचा विषय मीच काढला. ते म्हणाले, “त्याला लई वर्सं झाली, सायब,” आणि चहा सांगितला. मग नातवाला हाक मारून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद मागविला. नातवाने आदल्या वर्षी परीक्षा दिली होती. कागद इंग्रजीत आणि हिंदीत होता.

“ह्यात काय लिवलंय, तेवढं बगा.”

मी वाचले. नातवाचे नाव, आणि खाली कामाचे नाव : एक्स्कव्हेटर ऑपरेटर.

“आपरेटरच लिवलंय न्हवं?”

“ऑपरेटरच आहे, अण्णा.”

त्यांनी कागद घडी मोडू न देता परत पिशवीत घातला. सूर्य कलला होता. नातू यंत्र बंद करून खाली उतरू लागला तसे ते बसल्या जागेवरून ओरडले, की आधी साखळी कोरून घे, मग घरला चल.